धुळ्यात कसं दिसतं?

सुपडू नाना दर शनिवारी जळगावहून धुळ्याला एस्टीने जायचे आणि कशासाठी, तर एक पान कसं दिसतं ते बघायला. पान म्हणजे केळीचं नव्हे आणि खायचंही नव्हे. वेबपेज. आठवडाभर जळगावात बसून नाना ते पान तयार करायचे, फ्लॉपीवर भरायचे, फ्लॉपी जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवायचे आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरायचे. तिथल्या कॉम्प्युटरवर पान उघडून बघायचे आणि परत फिरायचे. तीन तास जायला, तीन तास यायला, बघणं दहा मिनिटांचं. मी हे पुण्याच्या लोकांना सांगितलं की ते म्हणतात, थाप. आता मी थापाड्या आहे हे कबूल. आमच्या ऑफिसात ऑर्डरी आणायचं काम माझं, आणि नव्वदचं दशक संपत आलेलं असताना डाळमिलवाल्याला 'तुमची तूरडाळ अमेरिकेत दिसेल' हे पटवायचं तर थापेशिवाय भागत नसे. माझ्या गोष्टीत निम्मं पाणी धरून चाला. पण नानांच्या एस्टीत पाणी नाही.

कारण साधं होतं. वेबपेज ज्यातून बघायचं त्याला ब्राउझर म्हणतात आणि तेव्हा आमच्या लेखी ते दोनच होते. एकाच्या चित्रात जहाजाचं चाक, दुसऱ्याच्या चित्रात निळा ई. दोघांचं नातं सख्ख्या जावांचं. एकच पान चाकात उघडलं तर लग्नाची पंगत मांडल्यासारखं सरळ, आणि तेच ईमध्ये उघडलं तर पंगत उठून गेल्यासारखं. जळगावच्या ऑफिसातल्या आमच्या दोन्ही म्हाताऱ्या कॉम्प्युटरांत फक्त चाक चालायचं. नवा ई टाकला की ते आधी धापा टाकत आणि मग मान टाकत. मालक प्रकाशभाऊंनी धुळ्याला शाखा काढली होती. नवा कॉम्प्युटर तिथे, नवा ई तिथे. त्यामुळे जळगाव म्हणजे चाक आणि धुळं म्हणजे ई. पान बिघडलं तर आम्ही 'धुळ्यात फुटलं' म्हणायचो. 'धुळ्यात कसं दिसतं?' हा नानांचा प्रश्न ऑफिसात इतका मुरला की मी भाच्यासाठी मुलगी बघून आलो आणि तिची तारीफ करायला लागलो, तर नाना चष्मा पुसत म्हणाले, "जळगावात चांगली दिसते. धुळ्यात पाह्यली का?"

नाना असोद्याचे. उंच, वाळलेले, किंचित डावीकडे कललेले. सव्वीस वर्षं त्यांनी छापखान्यात जुळारी म्हणून काढली होती. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा आणि ओळ जुळवायची, हे ते काम. उजव्या अंगठ्याच्या नखात शाई इतकी खोल गेली होती की नख कापलं तरी खालून काळंच उगवायचं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणून त्यांना उलटं सगळं सरळ दिसे. नाना आरशाशिवाय दाढी करतात, कारण आरशात त्यांना दुसराच माणूस दिसतो, असं मी सगळीकडे पसरवलं होतं. एस्टीत समोरच्या बाकावरच्या माणसाच्या हातातला पेपर ते उलटा वाचत आणि त्याने पान उलटायची घाई केली तर त्याला थांबवत, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाचत म्हटलं, पण तो शब्द नानांना चालला नसता. "मी वाचत नाही, पाह्यतो," असं ते म्हणत. जुळाऱ्याने मजकूर वाचायचा नसतो. वाचायला लागलं की मन पुढे पळतं आणि हात मागे राहतो. अक्षर पाहायचं, जागा पाहायची, कड पाहायची. मजकुरात कोण मेलं आणि कोणाचं लग्न आहे हे ज्याचं त्याने बघावं. "वाचलं का चुकलं," एवढं त्यांचं शास्त्र. छापखाना बंद पडला तेव्हा यंत्रांच्या लिलावाची जाहिरात नानांनीच जुळवली, एकही चूक न करता, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. कुलूप बघून परत आले. मी हे विनोद म्हणून सांगायचो. नानाही हसायचे. त्यांचा आवाज न होता हसण्याचा प्रकार होता, फक्त खांदे हलायचे.

पन्नाशीला त्यांनी कॉम्प्युटर धरला आणि आम्हा सगळ्यांना मागे टाकलं, कारण पडदा त्यांना खिळ्यांच्या पेटीसारखाच दिसायचा. दोन चित्रांत जागा सोडायची तर आम्ही अंदाजपंचे करायचो. नाना एका ठिपक्याएवढं, आरपार दिसणारं रिकामं चित्र करून मध्ये ठोकायचे. त्याला ते 'कोरा खिळा' म्हणत. छापखान्यात शब्दांमधली जागा अशाच कोऱ्या खिळ्यांनी भरत. एका सराफाचं पान केलं होतं. मधोमध मंगळसूत्राचं मोठं चित्र, लवकर उघडावं म्हणून दोन तुकडे करून वर-खाली जोडलेलं. जळगावात अखंड. धुळ्यातल्या व्याह्यांनी पाहिलं तर बरोबर वाट्यांच्या वर पांढरी फट. सराफाची बायको देवापुढे बसली आणि सराफ ऑफिसात येऊन असा ओरडला की खालच्या मजल्यावरच्या सुतारांनी करवत थांबवली. आम्ही चित्र चार वेळा बदललं. नाना एस्टीने गेले, पानामागचा मजकूर उघडला आणि त्यात एका जागी कोणीतरी उगाच एन्टर मारून ओळ खाली आणली होती, ती वर चिकटवली. चाक त्या एन्टरकडे दुर्लक्ष करायचं, ई तो फट म्हणून दाखवायचा. फट मिटली. परत येऊन नाना म्हणाले, "सोनं चांगलं होतं, सांधा वाईट होता." तो एन्टर कोणी मारला हे त्यांना माहीत होतं. मी मारला होता. त्यांनी नाव घेतलं नाही.

त्यानंतर ते यादीचं काम आलं. तेही मीच आणलं होतं, हे सांगून टाकतो.

जळगावच्या एका शिक्षणसंस्थेत लिपिकांची भरती होती. लेखी परीक्षा, मुलाखती सगळं उरकून अंतिम यादी लावायची होती: नाव, गाव आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, पात्र किंवा अपात्र. पात्र असतील त्यांनी महिनाअखेरीला मूळ कागदपत्रं घेऊन रुजू व्हायला यायचं. संस्थेच्या सेक्रेटरींना मी पटवलं की घरोघर पत्रं पाठवणं आता मागासलेपणाचं लक्षण, यादी वेबपेजवर टाका, जगभर दिसेल. जगात कोणाला बघायची होती? बघणारे सगळे धुळ्या-जळगावचे. पण सेक्रेटरींना 'जगभर' आवडलं आणि पत्रं रद्द झाली.

शुक्रवारी पान झालं. शनिवारी नाना धुळ्याला गेले आणि दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात कौतुक होतं. म्हणाले, जळगावपेक्षा धुळ्यात सरळ आलंय. जळगावात शेवटच्या रकान्याची कड मधेमधे पुढे येत होती, ती त्यांना दोन दिवस खुपत होती. धुळ्यात एकही शब्द बाहेर नाही, फूटपट्टी लावल्यासारखा रकाना. मी म्हटलं, या मग परत.

ते लगेच निघाले नाहीत. शाखेच्या दारात एक माणूस सकाळपासून यादीसाठी थांबला होता. गोकुळ त्याचं नाव. कापडाच्या दुकानात घड्या घालायचं काम, घरात तो आणि आई, आणि नोकरीच्या वयोमर्यादेतलं ते शेवटचं वर्ष. त्याला पडद्याकडे बघवेना. तो नानांना म्हणाला, "नाना, मनं नाव दखा ना." नानांनी नाव शोधलं, काळ्या नखाचा अंगठा त्या ओळीच्या शेवटी टेकवला आणि म्हणाले, "हे पाह्य. पात्र." गोकुळ त्यांच्या पाया पडला. आईला दाखवायला कागद मागितला, तोही नानांनी छापून दिला. मी तिथे नव्हतो. हे मला नानांनी पुढे किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही, दर वेळी याच शब्दांत, एकही शब्द इकडचा तिकडे न होता.

सोमवारी धुळ्याच्या शाखेतून फोन आला. अशोक नावाचा कोणी उमेदवार भांडत होता. यादीत त्याचं नाव 'शोक' छापलंय. प्रकाशभाऊ फोनवरच हसले. मी तर टेबलावर डोकं ठेवून हसलो; म्हटलं, नाना, तुम्ही माणसाला जिवंतपणी सुतकात बसवलं. नाना हसले नाहीत. उठून जळगावच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. अशोक तिथे अशोकच होता. मग ते शेवटच्या रकान्याशी आले आणि पहिल्या 'अपात्र'मधल्या अ वर अंगठा टेकवला.

उरलं ते मी वाचलं.

प्रकार असा होता. मराठीसाठी आम्ही वापरायचो तो फॉन्ट कोणा हौशी माणसाने इंग्रजीच्या खणांत मराठी अक्षरं बसवून केलेला. अ ज्या खणात बसवला होता, तो मुळात एका लपलेल्या रेघेचा खण. शब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला तरच ती रेघ दिसायची, एरवी नाही. चाकाला ही भानगड ठाऊक नव्हती, ते भोळेपणाने खणात असेल ते अक्षर काढून दाखवायचं. नव्या ईला ठाऊक होती. तो म्हणायचा ही लपलेली रेघ, आणि अ गिळायचा. आ, ई, बाकी सगळी अक्षरं आपापल्या जागी, वरचं शीर्षक तर आम्ही चित्र म्हणूनच टाकलेलं. गेला तो फक्त अ. पानावर कुठे भोक नाही, चौकोन नाही, वेडंवाकडं चिन्ह नाही. फुटलेलं पान नानांना मैलावरून दिसायचं. हे फुटलं नव्हतं. सरळ झालं होतं. रकान्याची कड जिथे जिथे पुढे येत होती, तिथे तिथे एकेक अपात्र माणूस होता, आणि नानांनी ती कड धुळ्यात नाहीशी झालेली पाहून कौतुक केलं होतं. वाचलं नव्हतं.

अपात्र एकूण सतरा. सगळे धुळ्याकडचे, सगळ्यांनी यादी धुळ्याच्या शाखेतच पाहिलेली. प्रकाशभाऊंनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, गुपचूप दुरुस्त करा, बोलू नका. मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरात चाक होतं. त्यांनी मला पडदा दाखवला: "आमच्याकडे बरोबर आहे. चूक धुळ्याची." पत्रं पाठवायचा विषयच त्यांनी काढू दिला नाही.

नानांनी त्याच दिवशी पान नीट केलं. अ चं एक इवलंसं चित्र काढलं आणि जिथे जिथे अ होता तिथे हाताने बसवलं. मंगळवारी धुळ्याला जाऊन पाहून आले. म्हणाले, दिसतो, पण ओळीपेक्षा जरा खाली बसतो, मान घालून उभा राहिल्यासारखा. तो वर उचलायला त्यांना अर्धा तास पुरला असता. उचलला नाही. रजेचा अर्ज भाऊंच्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "सतरा जणांले अ द्यायचा राह्यला."

आणि ते निघाले. डब्यात यादी, खांद्यावर टॉवेल. शिरपूर, साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडची दोन खेडी. एस्टी जिथे थांबेल तिथून चालत. दारात उभं राहायचं, नाव विचारायचं आणि सांगायचं: यादीत तुमच्यापुढे एक अ आहे, तो आमच्या मशिनीने खाल्ला. एका घरी म्हातारीने त्यांच्या तोंडात आधी पेढा घातला आणि मग कोण तुम्ही म्हणून विचारलं. पेढा तोंडात धरूनच त्यांनी सांगितलं. एका घरी बाप ऐकून घेऊन गोठ्यात गेला, तो नाना होते तोवर बाहेर आला नाही. पारोळ्याकडे मी त्यांच्याबरोबर होतो. तिथल्या मुलाने आम्हाला मागच्या पडवीत नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "नाना, अ काढायचं काय लागी?" नानांना कळायला वेळ लागला. तो समजत होता आम्ही अ लावून वर पैसे मागायला आलोय. नाना त्याला पुन्हा पुन्हा समजावत राहिले आणि तो पुन्हा पुन्हा मान हलवत आकडा वाढवत राहिला. दुसऱ्या कोणावर बेतलं असतं तर हे मी वर्षभर रंगवून सांगितलं असतं. ही गोष्ट मी ऑफिसात कोणाला सांगितली नाही, आणि ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने ठेवू नये.

सोळा झाले. गोकुळ राहिला. त्याचं घर शाखेपासून चालत दहा मिनिटांवर, सगळ्यांत जवळ. नानांनी त्याला शेवटी ठेवला होता. एका शनिवारी धुळ्याला गेले, स्टँडवर चहा प्यायले आणि परत आले. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच. मी चिडलो, सोळांना सांगता आलं, सतराव्याला काय होतंय, म्हटलं. नाना म्हणाले, "बाकीच्यांनी स्वतः पाह्यलं होतं रे. त्याले मी दाखवलं."

महिनाअखेर आली. त्या दिवशी नाना पहिल्या गाडीने गेले आणि थेट गोकुळच्या घरी पोचले. गोकुळ घरी नव्हता. तोही पहिल्या गाडीने जळगावला निघाला होता, कागदपत्रं घेऊन, रुजू व्हायला. दुकानातलं काम त्याने यादी पाहिल्यावरच्या सोमवारीच सोडलं होतं. पारोळ्याच्या आसपास कुठेतरी दोघांच्या गाड्या समोरासमोरून गेल्या असतील. गोकुळच्या आईने नानांना चहा दिला आणि भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेला कागद दाखवला. नाना तो घरी येईल म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

दुपारी तो आमच्या ऑफिसात आला होता. संस्थेच्या कारकुनाने त्याला पडद्यावर अ दाखवला होता आणि वर कागदही छापून दिला होता. मला वाटलं ओरडेल. त्याने नाना कुठे आहेत एवढंच विचारलं. मी म्हटलं, धुळ्याला. तो म्हणाला, "मना घर?" मी हो म्हटलं आणि मग बोलत सुटलो: मी सेक्रेटरींशी बोलतो, ओळख आहे, पुढच्या भरतीत तुझं नक्की, काही काळजी करू नको. एकही शब्द खरा नव्हता. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याचे हात तो कागद घडी करत होते, कडेला कड जुळवून, मग पुन्हा कडेला कड, दुकानात कापड ठेवतात तशी घडी. ती त्याने टेबलावर ठेवली, तळव्याने एकदा दाबली आणि जिना उतरला. मी त्याच्यामागे गेलो नाही. फोन वाजत होता, डाळमिलवाल्याचा.

धुळ्याच्या गाडीत तो बसलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरसोलीच्या अलीकडे रुळांवर सापडला.

नानांनी टेबलावरची ती घडी उघडली नाही. डब्याच्या वरच्या पुडात ठेवली, फ्लॉपीच्या जागी. कामावर आले, पण त्या दिवसापासून ते वाचायला लागले. प्रत्येक पान, प्रत्येक शब्द, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं. वाचून झालं की कोणालातरी बोलवायचे आणि म्हणायचे, "मी वाचलं. आता तू वाच." दोघांना सारखं दिसलं तरच पुढचा शब्द. ज्या पानाला त्यांना एक दिवस लागायचा त्याला पंधरवडा लागायला लागला. भाऊंनी काही महिने चालवून घेतलं, मग एक दिवस नारळ आणि शाल दिली. तोवर जळगावलाही नवा कॉम्प्युटर आला होता, त्यात चाक आणि ई दोन्ही. धुळ्याला जायची गरजच संपली होती.

पुढच्या वर्षी एका शनिवारी मी वसुलीला धुळ्याला निघालो, तर जळगावच्या स्टँडवर नाना. डबा हातात, आणखी वाळलेले. गाडी लागली होती, कंडक्टर ओरडून गावाचं नाव घेत होता, तरी नाना पाटीकडे बघत उभे. मला पाहिलं आणि म्हणाले, "मी वाचलं. आता तू वाच." मी पाटी वाचली: धुळे. मग आम्ही चढलो. धुळ्याला उतरल्यावर मला म्हणाले, "चाल." वसुली राहिली.

गोकुळची आई दारातच बसली होती. आम्हाला बघून आत गेली, भिंतीपाशी उभी राहिली. कागद पिवळा पडला होता, कोपऱ्याला हळद लागली होती. म्हातारीला अक्षरओळख नाही. तिने मला पाहिलं, कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही, फक्त मुलाचं सांगितलं, "मना आंडोर पात्र व्हता." मग नानांकडे वळून म्हणाली, "वाच ना भाऊ. काय लिखेल शे?"

हे दर शनिवारचं असावं, कारण नाना आधीच चष्मा लावून तयार होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले, एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा धरला आणि वाचलं. गोकुळचं नाव. गाव. मग थांबले, पुढचा शब्द ओठांत दोनदा फिरवला आणि म्हणाले, "पात्र."

"आखो एकदाव," म्हातारी म्हणाली. तिला पुन्हा ऐकायचं होतं.

नाना बाजूला सरकले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी वाचलं. आता तू वाच."

मी आयुष्यात तूरडाळ अमेरिकेत दाखवली आहे, मंगळसूत्राचे दोन तुकडे करून विकले आहेत, आणि त्या पोराला त्या दुपारी जे काय सांगितलं ते सांगितलं आहे. मी कागदाजवळ गेलो. नाव वाचलं, गाव वाचलं. शेवटच्या रकान्याची कड वरपासून खालपर्यंत सरळ होती. तिथे जे छापलं होतं तेच मी मोठ्याने वाचलं.